चार बोटांचा रकाना

११ मार्च १९५१, वडसा

उद्या वरोऱ्याचं गिऱ्हाईक येणार. बंडीवर चढायच्या आधी लिहून ठेवतो, माझ्या हातचं काय काय जातंय ते.

छापयंत्राची चौकट. बिजाच्या लाकडाची, एकही खिळा नाही, सगळ्या खुंट्या. लोखंडी पाटा नागपूरच्या भंगारातला, तो माझा नाही. पण तो सपाट मी केला, विटेच्या भुकटीनं घासून घासून. टाइपाची घरं बांबूच्या कामट्यांची. कान्याचं घर मोठं, कारण मराठीला काना फार लागतो. शाईचे रूळ सरस आणि गूळ शिजवून ओतलेले — उन्हाळ्याचा पाक वेगळा, थंडीचा वेगळा, हे कोणत्याही पुस्तकात दिलेलं नाही. शाई काजळीची आणि जवसाच्या तेलाची, लढाईत बाहेरची मिळेना तेव्हापासून. मथळ्याची मोठी अक्षरं शिवणीच्या लाकडात कोरली. ‘झ’ तीनदा कोरावा लागला. दोन चिरफाळले.

आणि ‘झाडीचा सांगावा’. अकरा वर्षं, दर शनिवारी. काल शेवटचा अंक निघाला. चौथी शिकलेल्या माणसानं एकट्यानं काढलेला.

शेवटचं वाक्य घमेंडीचं आहे. राहू दे.

१२ मार्च

नेलं. भिंतीवर चौकटीच्या आकाराचा पांढरा डाग राहिला.

मुखरू दिवसभर रिकामी जागा झाडत होता. नऊ वर्षं रूळ त्यानं फिरवला. बंडी गेल्यावर म्हणाला, “भाऊ, तुमी तं साहेब होऊन राह्यले. मी का करू?” म्हटलं, अक्षरं जुळवायला शिकवलंय तुला, कुठेही पोट भरशील. “जुळवतो तं. पण तुमच्यासारका शिव्या देनारा कुठी भेटन?”

बायको मनकर्णा खूश आहे, आता घरात सरकारी पगार येणार. तसं बोलत नाही. तवा मात्र जोरात आपटत नाही आज.

डोळे गेले, हे खरं कारण. दिव्याखाली बारीक टाइप दिसेनासा झाला. बाकीची कारणं लोकांना सांगायला आहेत.

१९ मार्च, चांदा

छोट्या गाडीनं आलो. ज्यांनी नोकरीला बोलावलं ते साहेब जबलपूरकडचे. माणूस सभ्य. त्यांच्या टेबलावर ‘सांगावा’चे तीन अंक होते, खुणा केलेले. कोणीतरी मराठी वाचून दाखवलं असणार. म्हणाले, “आप जंगल जानते हैं और लिखना भी जानते हैं. दोनों एक आदमी में नहीं मिलते.”

जागा हंगामी, प्रसिद्धी सहायकाची. मुक्काम अहेरी. दोन कामं. गावोगाव हिंडून लोकांना सरकारच्या योजना सांगायच्या. आणि दर शनिवारी एक अहवाल पाठवायचा — कोण आलं, कोण गेलं, काय बोललं जातं, काय हलतंय. प्राणहितेपल्याड लाल बावटेवाल्या कम्युनिस्टांची धामधूम आहे, ती इकडे उतरते का ते सरकारला हवं आहे. कागदावर वरच छापलंय: सार्वजनिक सुरक्षा.

मी विचारलं, म्हणजे चहाडी?

साहेब हसले. “ख़बर, बोरकुटेजी. वही जो आप छापते थे. बस, पढ़नेवाला एक होगा.”

हे वाक्य परतीच्या गाडीत मूल स्टेशनपर्यंत डोक्यात होतं. मग झोप लागली.

३ एप्रिल, अहेरी

खोली बरी. भिंती कुडाच्या, वर कवेलू. मनकर्णा पावसाळ्यानंतर येणार. सागवान वाहणाऱ्या बंड्यांचा आवाज पहाटेपासून.

बाजारात ओळखीचे चार जण निघाले. सगळे ‘पेपरवाले भाऊ’ म्हणतात. मी सांगतो, आता सरकारात आहे. “हो का? मंग पेपर कवा निंघन?”

१५ एप्रिल

अहवालाचा कागद विचित्र आहे. तारीख, गाव, माणसं यांना भरपूर जागा. खरं सांगायचं ते ‘विशेष’ या रकान्यात. तो चार बोटं रुंद आणि तीन ओळी उंच. बाकीचे लोक कागदाच्या पाठीमागे लिहितात, बाजूला चढवतात, वर चिठ्ठी टाचतात. माझा मजकूर रकान्यात बसतो. चारही बाजू सारख्या. आयुष्यभर ओळ मापात बसवली, ती आता काय सांडू देणार?

साहेबांची चिठ्ठी आली. सगळ्या मुलखातून माझा कागद सर्वांत साफ. “कम शब्द, पूरी बात.” दोनदा वाचली.

२६ एप्रिल

चिचटोल्याच्या वरच्या अंगाला, भर दुपारी, मरीमायची गाडी पाहिली. यंदा मोहाच्या दिवसांतच हागवण-ओकारी सुरू झाली आहे, वरच्या गावांत तिघं गेले. म्हणून काढली असणार. दोन माणसं, मध्ये ती हातभर लाकडी गाडी, तिच्यावर लाल कापडाचा तुकडा, बांगड्या, फणी. एका गावानं आजार आपल्या शिवेबाहेर नेऊन ठेवायचा, पुढच्या गावानं उचलून त्याच्या पुढे. असं करत करत नदी. नदीत सोडली की संपलं. नेणारे बोलत नाहीत. मीही बोललो नाही, वाटेतून बाजूला झालो. लहानपणी आई आम्हाला अशा वेळी पाठ करून उभं करायची.

२८ एप्रिल

अहवाल पाठवला. ‘विशेष’मध्ये गाडीचं घातलं, नाहीतर या आठवड्यात काहीच नव्हतं. कच्च्या कागदावर चार ओळी झाल्या. शेवटी ‘मरीमायची, दरसालची रीत’ एवढं बसेना. काढलं. ते काय सांगायचं? शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

बसला मग. छान बसला.

५ मे

ऊन. पायाला फोड. योजना सांगायला गेलो, लोक तेंदूच्या पानाला गेलेले. एका म्हातारीला विहिरीची योजना सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं.

१७ मे

आज कळलं. हातातलं काम तसंच राहिलं.

नदीकाठच्या चौकीनं परवा गाडी पकडली. गाडीबरोबर चिचटोल्याचा पत्रू. त्याचा जोडीदार पळाला. पत्रूला लाल बावटेवाल्यांचा निरोप्या समजून सुरक्षा कायद्याखाली चांद्याला नेलं. त्याला खटला लागत नाही, हुकूम पुरतो. महिने-महिने ठेवता येतं.

चौकीत हुकूम पाहिला. इंग्रजीत होता, पण मधलं एक वाक्य मराठीत जसंच्या तसं उतरवलेलं. ‘लाल कापड बांधलेली छोटी गाडी गावोगाव हातोहात नदीकडे जात आहे. नेणारे बोलत नाहीत.’

माझं वाक्य. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

१८ मे

काल पुढचं लिहवेना. आज लिहितो.

चौकीचा जमादार लटारू, सिंदेवाहीकडचा. पोट सुटलेलं, पान खाणारा, मनानं वाईट नाही. मी त्याला विचारलं, अरे, तू झाडीतला माणूस, तुला गाडी कसली ते कळलं नाही?

“कळलं नं. का म्हून नाई कळन? माझ्या मायनं बी नेली हाय.”

“मग पकडलं काऊन?”

त्यानं पिंक टाकली. “हुकूम आला, भाऊ. हुकुमात गाडी लिवली होती. लाल कापड लिवलं होतं. नदी लिवली होती. मरीमाय कुठी लिवली होती? तुमीच नाई लिवली.”

मी म्हटलं, जागा नव्हती.

त्यानं पानाचा डबा बंद केला. मग म्हणाला, “च्या घेता?”

पत्रूनं तोंडच उघडलं नाही म्हणे. गाडी कुठून आली — गप्प. कोणी दिली — गप्प. कुठे नेतोस — गप्प. चांद्याहून आलेल्या अधिकाऱ्यानं लिहिलं: कसलेला माणूस दिसतो, माहिती दडवतो.

गाडी चौकीत आहे. मुद्देमाल म्हणून फळीवर ठेवली आहे, वर चिठ्ठी डकवून. चौकीचे दोन शिपाई बाहेर आंब्याखाली झोपतात.

१९ मे

शनिवार. अहवालात दुरुस्ती पाठवली. रकाना सोडून सरळ दोन कागद लिहिले — गाडी कसली, रीत कोणती, मी कोणते शब्द गाळले. मुद्दाम माझ्या हातानं, सुवाच्य. वर ‘तातडीचं’ लिहिलं.

२० मे

पत्रूच्या घरी गेलो. आई आहे, बुधरी. बायको रांगतं लेकरू घेऊन आत गेली, बाहेर आली नाही. बुधरी टोपली विणत होती. हात थांबले नाहीत.

मी म्हटलं, पत्रूनं नुसतं एवढं सांगितलं की ती मरीमायची गाडी होती, तर सुटेल. तुम्ही चला, त्याला समजवा.

“नाव नोको घेऊ,” ती म्हणाली. “बाई म्हन.”

“बाईची गाडी होती एवढंच सांगू दे.”

“कसा सांगन? त्यानं उचलली हाय. पान्यात पडेवरी उचलनारा बोलत नाई. बोलला तं बाई मांगं फिरते. त्याच्याच घरी येते.” आतल्या लेकराकडे तिनं मान वळवली. “हे हाय घरी.”

“गाडी तर चौकीत पडली आहे. पाण्यात कधी पडणार?”

“तेच तं म्हनतो मी,” बुधरी म्हणाली. “तूच सांग. तू पेपरवाला.”

२५ मे

साहेबांचं उत्तर. पहिला अहवाल नेमका होता, दुसरा माणसांच्या मायेनं लिहिल्यासारखा वाटतो. दोन्ही एकाच हाताचे आहेत हे मान्य. पण नागपूरला उत्तर द्यायचं तर माझी साक्ष पुरणार नाही. ‘आदमी ख़ुद बोले.’ स्वतः पत्रू बोलला, तर फेरविचार.

म्हणजे असं: पत्रू बोलल्याशिवाय सुटणार नाही. गाडी पाण्यात पडल्याशिवाय पत्रू बोलणार नाही. आणि पत्रूचा निकाल लागेपर्यंत गाडी मुद्देमाल म्हणून फळीवर राहणार.

तिन्ही गोष्टी बरोबर. कोणाचंच चुकलेलं नाही. थकवा येतो तो याचाच.

२७ मे

अंगात काही नाही. खिचडी टाकली, करपली, खाल्ली.

नवी गाडी करू का, असा विचार आला. माझ्या हाताला ते एका सकाळचं काम. तसा निरोप बुधरीला पाठवला. निरोप परत आला — “दुसरी केली तं दुसरी बाई बसन. मंग दोन झाल्या.”

३० मे

लटारूच्या एका शिपायाला दुपारपासून रेच लागले. कालचे कच्चे आंबे, दुसरं काय? पण आता चौकीत कोणी जेवत नाही. लटारू स्वतः माझ्या खोलीवर आला, हे पहिल्यांदाच.

“भाऊ, ते लचांड घेऊन जा.”

“मुद्देमाल आहे.”

“मी वाळवीनं खाल्ली म्हून लिवतो. सरकारले वाळवी समजते.”

“पंधरा दिवसांत वाळवी सालईचं लाकूड खात नाही. आणि फळीला लागलीच नाही तर गाडीला कशी लागेल?”

“तिथीबी तुमाले बरोबर लिवाचं हाय,” तो म्हणाला. “इथीच तं सगळी बोंब हाय तुमची.”

मी म्हटलं, गाडी न्यायची तर खरं तेच लिहायचं. पावती फाडायची, कोणी नेली त्याचं नाव घालायचं. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, “नाव तुमचं.”

“माझंच.”

३१ मे

आज केलं.

सकाळीच बुधरीला बोलावून आणलं. मला वाटलं, गावातला कोणी उचलेल. चार बाप्ये आले होते, पण चौकीच्या कुंपणाबाहेर उभे. आत पाऊल टाकेनात. मी लटारूला म्हटलं, तू उचल, तुझ्या आईनं नेली होती.

“मी वर्दीत हाय.”

बुधरीनं दोघांची गंमत बघितल्यासारखी बघितली. “ज्याच्या शिवेत थांबली त्यानं उचलाव. चौकी कोनाची?”

“सरकारची,” लटारू म्हणाला.

“मंग सरकारनं उचलाव.” तिनं माझ्याकडे बोट केलं. “तू सरकार नोहे?”

दोन महिने बाजारात ओरडून सांगत होतो, मी आता सरकारात आहे. कोणीच मानलं नव्हतं. हिनं मानलं.

दोघं लागतात; मी एकटाच होतो. चालतं, ती म्हणाली. मग मी पावतीवर सही केली — ‘नदीत सोडण्यासाठी नेली’ — आणि गाडी उचलली. हलकी. चाकं सालईच्या फांदीच्या चकत्या, आस बांबूची. डावं चाक आसावर घासत होतं, भोक तिरपं पाडलंय. दुरुस्त करावंसं वाटलं. केलं नाही.

भर दुपारची वेळ. पायवाट तापलेली. मागे बुधरी, बऱ्याच मागे ते चौघं. वाटेत जंगलखात्याचा नाकेदार भेटला. माझ्या ओळखीचा, माझ्या पेपराचा वर्गणीदार. “बोरकुटेभाऊ, हे का घेऊन राह्यले?” मी बोललो नाही. “अवो भाऊ. कुठी चालले?” मी चालत राहिलो. तो पुढे होऊन तोंडाकडे बघायला लागला. “बिमार आहात का?” दोनदा जीभ उचलली गेली. आयुष्यात कोणी काही विचारलं आणि मला उत्तर माहीत असून मी दिलं नाही, असं झालं नव्हतं.

नदीला उन्हाळ्याचं पाणी, दोन धारा. पलीकडची धार खोल, तिथपर्यंत गेलो. पाणी कमरेला. गाडी सोडली. ती एकदा वळली आणि गेली. लाल कापड बराच वेळ दिसत होतं.

परत आलो तर बुधरी वाळूत बसली होती. म्हणाली, “आता बोल.”



६ जून, चांदा

बुधरीला घेऊन आलो. सर्व्हिस मोटारीत ती पहिल्यांदाच बसली. आष्टीला नदी उतरून दुसरी मोटार धरली, तेव्हा म्हणाली, “हे बी एका शिवेतून दुसऱ्या शिवेत पोचवूनच देते.” मला हसू आलं. फार दिवसांनी.

कोठडीत पत्रू वाळला आहे. तिशीतला असेल. मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नाही. बुधरी गोंडीत दोन-तीन शब्द बोलली. नदीचा शब्द मला कळला. त्यानं तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. पाणी मागितलं. तांब्याभर प्याला.

आणि बोलायला लागला. थांबेचना. गाडी कोणत्या गावाहून आली, कोणी ठेवली, पेरम्यानं — म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं — कोणाकोणाला उचलायला सांगितलं, वाटेत कोणता साप आडवा गेला, चौकीवाल्यानं कोणती शिवी दिली. अधिकारी दुभाष्याला विचारत होते, हे सगळं लिहायचं का? मी म्हटलं, सगळं. लेखणी मीच घेतली. रकाना नव्हता. चार पानं झाली.

शेवटी अधिकाऱ्यानं त्याला विचारलं, आधी का नाही बोललास? पत्रू म्हणाला, “तुमी चुकीच्या वक्ताले इचारलं.”

९ जून, चांदा

सकाळी साहेबांकडे. पत्रूला सोडायचं ठरलं, कागद काल रात्रीच नागपूरला गेला. साहेब मनापासून बोलले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. नंतर अर्धा तास दुसरं बोलणं झालं. ते आज लिहीत नाही.

१९ जून, अहेरी

पत्रू आला. मोटार थांबते तिथे गेलो होतो. बुधरी नव्हती, नांगरणी सुरू आहे.

तो म्हणाला, “तू उचलली म्हनते माय.”

“हो.”

“वाटंत बोलला नाई नं?”

“नाही. एकानं विचारलं होतं.”

“मंग बरं.”

मला वाटलं, सांगून टाकावं. म्हटलं, पत्रू, तू आत गेलास तो माझ्या कागदामुळे. मीच लिहिलं होतं.

“कोनता कागद?”

मी सांगू लागलो — अहवाल, रकाना, गाळलेले शब्द. त्यानं सगळं ऐकलं, मग खांद्यावरचं गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “पान्याच्या आंदी पोचलो पायजे,” म्हणाला आणि निघाला. पाच-सात पावलांवर वळला. “तू बी दमलास दिसतं.”

३० जून

पत्र आलं. हंगामी नेमणूक आजपासून संपली. सेवेची गरज उरली नाही. कागद स्वच्छ टाइप केलेला, पण उजवी कड सारखी नाही.

३ जुलै, वडसा

परत. मनकर्णेनं दारातच सामान बघितलं. “एवढंच?” म्हटलं, एवढंच. तिनं पुढे विचारलं नाही. वाईट ते हेच.

२२ जुलै

वरोऱ्याच्या गिऱ्हाइकाला पत्र टाकलं होतं, यंत्र परत देता का म्हणून. त्यानं चौकट तोडून त्यावर कापूस तोलायचा काटा बसवलाय. लाकूड उत्तम आहे, असं कळवतो.

११ नोव्हेंबर

नाटकांचे दिवस लागले. मुखरूनं एका नाटकमंडळीवाल्याच्या भागीत छोटं पायछापं यंत्र घेतलंय — हँडबिलं, पावत्या, लग्नपत्रिका. मी त्याच्याकडे अक्षरं जुळवतो. चष्मा लागला आहे, बारीक टाइप तो मला देत नाही. देत नाही हे उघड करत नाही, दुसऱ्याला आधीच देऊन ठेवतो. भला माणूस.

आज नाटकवाल्याचा माणूस हँडबिल घ्यायला आला. मला बघून मुखरूला म्हणाला, “हे तेच का, सरकारात गेले होते अन् काहाडून टाकलं ते?” मुखरू यंत्रावरून उतरला. “काहाडलं-बिहाडलं काई नाई. याहिले जमलं नाई तिथी.” आपल्या परीनं त्यानं माझी बाजूच घेतली.

हँडबिलात ‘तीन अंकी सामाजिक’ सांडत होतं. मी ‘सामाजिक’ खालच्या ओळीत घेतलं. ओळ बेढब झाली. राहू दिली.

मनकर्णा रात्री भाकरी वाढताना म्हणाली, “थोडकं गोड बोलले असते साहेबासंगं तं राह्यली असती जागा.” तिला वाटतं, मी उर्मटपणा केला. गावालाही तसंच वाटतं. चहाच्या दुकानात तर कोणी सांगतो की मी लाल बावटेवाल्यांचा माणूस सोडवला, कोणी सांगतो की चौकीतून चोरी केली.

१८ नोव्हेंबर

एका ठिकाणी तरी खरं असावं म्हणून लिहितो.

९ जूनला मला काढलं नव्हतं. साहेबांनी नागपूरची जागा देऊ केली होती. कायमची, वनभागाचा जाणकार म्हणून, राहायला सरकारी घर. त्याच्या बदल्यात एका कागदावर सही करायची होती. त्यात एकच वाक्य होतं: ‘गाडीची ही रीत मला अहवाल लिहिताना माहीत नव्हती.’ पत्रूची सुटका आधीच ठरली होती. सहीनं कोणाचं काही बिघडत नव्हतं. खातं सुटत होतं, साहेब सुटत होते, मीही सुटत होतो.

मी म्हटलं, मला माहीत होती.

मनकर्णेला हे सांगितलेलं नाही. त्या जागेचा पगार महिना दोनशे पंचवीस.